मुरुमं, कोरडी त्वचा आणि बारा आठवड्यांचा धीर

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या एकांकिकेत माझ्या भाचीला चांगली भूमिका मिळाली होती. ती इथेच इंदूरला अकरावीत शिकते. तालमी सुरू झाल्या आणि आठ दिवसांत तिनं "अभ्यास आहे" म्हणून नाव मागे घेतलं. ताईला वाटलं, खरंच अभ्यास असेल. नंतर कळलं, तालमीला आलेल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अगं, चेहऱ्याला काय झालं तुझ्या? काही लावत नाहीस का?" काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरलं.

मी डॉक्टर नाही, बीई आहे. दिवसभर कोडमधल्या चुका शोधतो. तरी या विषयावर लिहायला बसलो, कारण यात करता येण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका मी स्वतः करून बसलो आहे. माझ्या डाव्या गालावरचे दोन खड्डे त्याची साक्ष देतात.

माझी गोष्ट आधी

मुरुमं म्हणजे कॉलेजच्या वयातली गोष्ट, असं मीही समजत होतो. मला ती एकतिसाव्या वर्षी आली. नवी नोकरी, रात्रीची जागरणं, आणि हनुवटी-गालांवर दुखरे फोड. डॉक्टरांनी दोन मलमं लिहून दिली. मी विचार केला, थोडं लावून थोडा फायदा, तर भरपूर लावून भरपूर फायदा! दोन्ही मलमं सकाळ-संध्याकाळ थापली. वर दिवसातून चार वेळा साबणानं तोंड धुतलं. दहाव्या दिवशी त्वचा ओढल्यासारखी झाली, नाकाच्या कडेला सालपटं निघू लागली आणि दाढी करताना आग व्हायची.

डॉक्टरांकडे परत जायचं सोडून मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चिठ्ठी न विचारता एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा नितळ! तीन महिने तीच लावली. बंद केली आणि चेहरा लालबुंद झाला, उन्हात आग होऊ लागली, मुरुमं दुपटीनं परतली. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड सूज तात्पुरती दाबतं, म्हणून सुरुवातीला जादू वाटते. पण चेहऱ्यावर फार दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि त्याचीच मुरुमं येतात. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही "गोरं करणारी क्रीम" म्हणून ती हातोहात फिरतातच. माझी त्वचा ताळ्यावर यायला पुढं कित्येक महिने गेले.

मुरूम येतं कसं?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्या जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी साठून बूच बसतं. आत तेल कोंडतं, त्यात त्वचेवरचेच जिवाणू वाढतात आणि शरीर त्यांच्याशी लढू लागलं की लाल, दुखरा फोड येतो.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, मुरूम हे घाणीमुळे येत नाही, त्यामुळे चेहरा घासून ते जात नाही. दोन, आज दिसणाऱ्या मुरुमाची तयारी कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. म्हणून औषधाचा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत तर मुरुमं थोडी वाढल्यासारखीही वाटू शकतात. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर माणूस नेमका चुकीच्या वेळी औषध सोडतो.

औषधानं त्वचा कोरडी का पडते?

दसऱ्यानंतर ताई भाचीला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. रात्रीसाठी ॲडापॅलीन ०.१ टक्के आणि सकाळसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, अशी अगदी नेहमीची औषधं मिळाली. दिवाळी आली तोवर तिचे गाल सोलवटले होते. ताईनं काळजीपोटी मुलतानी माती आणि लिंबू लावायला सुरुवात केली. आग वाढली. भाऊबीजेला भाचीनं मला सांगितलं, "मामा, मी सगळं बंद केलंय. ते औषध मला सोसत नाही."

तेव्हा मी तिला माझे खड्डे दाखवले आणि जे मला उशिरा कळलं ते सांगितलं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली सेरामाइड, कोलेस्टेरॉल अशी स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. ही भिंत आतलं पाणी धरून ठेवते आणि बाहेरचं त्रासदायक काही आत येऊ देत नाही. ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन यांसारखी अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं रंध्रातलं बूच मोकळं करतात, पण नव्यानं सुरू केल्यावर ही भिंत काही आठवडे कमजोर होते. त्यात मालव्यातली हिवाळ्याची कोरडी हवा, कढत पाण्याची अंघोळ आणि साबण! त्वचेचा पीएच साधारण ५ असतो, साध्या साबणाच्या वडीचा ९ ते १०, तर लिंबाच्या रसाचा सुमारे २. भिंतीला आधीच भेगा पडलेल्या, त्यावर एकदा साबणाचा मारा आणि एकदा लिंबाचा. आग होणारच.

म्हणजे बऱ्याचदा औषध चुकीचं नसतं, लावण्याची रीत चुकते. आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आठ दिवस सगळं थांबवून फक्त मॉइश्चरायझर लावायला सांगितलं आणि मग नव्यानं, हळूहळू सुरुवात करून दिली.

आम्ही काय बदललं

_धुणं._ दिवसातून दोनदाच, कोमट पाण्यानं आणि साबणाऐवजी सौम्य, बिनवासाच्या क्लेन्झरनं. स्क्रब नाही, खरखरीत टॉवेलनं घासणं नाही. हलकेच टिपायचं.

_मात्रा._ रात्रीचं मलम संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं पुरतं. ते फक्त फोडावर लावायचं नसतं. मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं, कारण न दिसणारी मुरुमंही थांबवायची असतात. डोळ्यांचे, ओठांचे आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडायचे.

_वेळ._ ओल्या चेहऱ्यावर हे मलम जास्त झोंबतं. चेहरा धुतल्यावर १५-२० मिनिटं थांबायचं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक दिवसाआड आणि सोसलं तर रोज.

_सँडविच._ भाचीला ही युक्ती फार आवडली. आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. झोंबणं कमी होतं आणि उपचार चालू राहतो. चार दिवस जोरात लावून पाचव्या दिवशी सोडून देण्यापेक्षा बेतानं लावून टिकणं केव्हाही बरं.

_मॉइश्चरायझर._ "तेलकट चेहऱ्याला क्रीम कशाला?" हा प्रश्न आमच्या घरीही आला. औषध चालू असताना तेलकट त्वचेलाही ते लागतं. डब्यावर ग्लिसरीन, सेरामाइड, हायल्युरॉनिक ॲसिड यांपैकी काही आहे का, सुगंध नाही ना आणि रंध्रं बंद न करणारं असं लिहिलं आहे का, एवढं बघायचं. महाग असायला हवं असं अजिबात नाही. खोबरेल तेल केसांना उत्तम, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर नको. डोक्याला चप्प तेल लावून झोपलं की ते कपाळावर उतरतं आणि तिथं पुटकुळ्या येतात, हेही लक्षात ठेवा.

_ऊन._ या औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम गेलं तरी काळा डाग मागे राहतो आणि ऊन लागलं की तो गडद होतो. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत.

_उशीचा अभ्रा._ बेंझॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडाचा रंग उडवतं. ताईनं आकाशी अभ्र्यावरच्या पांढऱ्या डागांसाठी आठवडाभर कपडे धुणाऱ्या मावशींना बोल लावला! पांढरा अभ्रा आणि पांढरा टॉवेल वापरा. मावशींची आम्ही माफी मागितली आहे.

आणि एक इंजिनीअरची सवय: एका वेळी एकच बदल. तीन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या, तर आग कशामुळे झाली ते कळणार कसं? भाचीनं दर रविवारी खिडकीशी त्याच उजेडात एक फोटो काढला. रोज आरशात बघून फरक दिसत नाही, फोटोंत दिसतो.

स्वयंपाकघर आणि पार्लर

हळद, बेसन, मुलतानी माती हे आपल्या घरचंच आहे, त्याबद्दल मला प्रेम आहे. पण औषधानं हळवी झालेली त्वचा ही त्यांची जागा नाही. टूथपेस्ट, लिंबू आणि खायचा सोडा तर चेहऱ्याला कधीच नको. लग्नसराईत पार्लरला जाल तेव्हा चालू असलेलं औषध आधी सांगा. ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन लावत असताना चेहऱ्याचं वॅक्सिंग केलं तर त्वचाच सोलून निघू शकते. ब्लीचही टाळा.

खाण्याबद्दल: साखर-मैद्याचे झटपट पचणारे पदार्थ आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध दिसतो. जिमला जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीनकडेही लक्ष ठेवावं. पण एकटं पथ्य औषधाची जागा घेत नाही. इंदूरकराला रविवारचे पोहे-जिलेबी सोडा म्हणायची माझी छाती नाही. जिलेबी थोडी कमी घ्या, इतकंच म्हणतो.

डॉक्टरांकडे कधी?

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर थांबू नका. डाग कालांतरानं फिके होतात, खड्डे आपोआप भरत नाहीत. मुलींमध्ये मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर संप्रेरकांची तपासणी हवी. औषध लावल्यावर थोडा कोरडेपणा चालतो, पण सूज, पाण्याचे फोड किंवा अंगावर गांधी आल्या तर औषध थांबवून लगेच दाखवा.

तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. अमेरिकेत त्यांना १९८२ मध्ये मान्यता मिळाली आणि आजही त्या अतिशय गुणकारी मानल्या जातात. पण ओठ जवळजवळ सगळ्यांचेच कोरडे पडतात, रक्त तपासावं लागतं, आणि गरोदरपणात घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं, मनानं सुरू करणं असलं काही करू नका. गर्भधारणेचा विचार असेल तर चेहऱ्याला लावायचं मलमही डॉक्टरांना सांगूनच चालू ठेवा.

आणि आपण सगळे

संक्रांतीपर्यंत भाचीच्या चेहऱ्यात फार फरक नव्हता. ती दोनदा रडली, एकदा औषध टाकून देणार होती. महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही सगळे फोटो ओळीनं लावून बघितले, तेव्हा ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, नवीन येत नाहीयेत." गालांवर चार-पाच डाग अजून आहेत. एखादं मुरूम अधूनमधून येतं. ती औषध लावते आहे.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तिनं सूत्रसंचालन केलं. पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. त्या डागांसकटही ती गणेशोत्सवात रंगमंचावर उभी राहायला हवी होती. तिला तिथून मुरुमांनी उतरवलं नाही, आपल्या एका वाक्यानं उतरवलं.

ज्याच्या चेहऱ्यावर मुरुमं आहेत त्याला ती दिसत असतात. आपण सांगायची गरज नसते. मुलं तालमीला आली की त्यांना भूमिकेबद्दल विचारू या, अभ्यासाबद्दल विचारू या, खिचडी खाल्ली का विचारू या. चेहऱ्याचं त्यांचं ती आणि त्यांचे डॉक्टर बघून घेतील.

यंदाच्या एकांकिकेसाठी भाचीनं नाव दिलं आहे. तालमी सुरू झाल्या की जरूर या.