पुस्तकांपलीकडचे ग्रंथालय : पेठांत व्याख्यानमाला, खराडीत काय?

संध्याकाळी सातच्या सुमारास खराडीतील माहिती तंत्रज्ञान संकुलांच्या प्रवेशद्वारांशी दोन प्रवाह एकमेकांना भेटतात. दिवसपाळी संपवून घराकडे निघालेल्यांचा एक, आणि अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करणाऱ्यांचा दुसरा. त्याच वेळी शेजारच्या गृहसंकुलांतील बाकांवर नातवंडांसाठी गाव सोडून आलेले आजी-आजोबा बसलेले असतात. यांपैकी एखाद्याला जाणकाराचे चार शब्द ऐकावेत, मोडी लिपी शिकावी किंवा जुन्या पुस्तकाची बांधणी कशी करतात ते पाहावे असे वाटले, तर त्याने जायचे कोठे? पुणेकर या प्रश्नाचे उत्तर सवयीने 'पेठेत' असे देतात. परंतु टिळक रस्ता खराडीपासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे. २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, तरी नोकरी आणि घर सांभाळून दीड तासाच्या व्याख्यानासाठी एवढा प्रवास करणे सर्वांना जमणारे नाही.

हा प्रश्न केवळ अंतराचा नाही. ग्रंथालय ही पुस्तके देण्या-घेण्याची खिडकी आहे, की प्रौढ नागरिकांची शाळा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

कपाटांपुरते ग्रंथालय नव्हे

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, असे त्यातील पाचवे सूत्र सांगते. ही वाढ केवळ ग्रंथसंख्येची नव्हे, तर सेवांचीही असते. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्याची अद्ययावत आवृत्ती २०२२ मध्ये आली. सर्व वयोगटांचे शिक्षण आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग ही ग्रंथालयांची मूलभूत कामे त्यात मानली आहेत. शाळा-महाविद्यालय संपल्यानंतर माणसाला शिकण्यासाठी विनाअट खुली असलेली जागा फारशी उरत नाही. ग्रंथालय ही तशी जागा आहे. तेथे वयाची अट नसते, परीक्षा नसते आणि नापास होण्याची भीतीही नसते.

पुण्याची जुनी वाट

ही कल्पना पुण्याला नवी नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. प्रौढांना शिकायचे असेल तर वेळ त्यांच्या सोयीची हवी, हे त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालविते. दीडशे वर्षांचा इतिहास असलेल्या या ज्ञानसत्रात राजकारण, विज्ञान, अर्थकारण, साहित्य असे नाना विषय सामान्य श्रोत्यांसमोर मांडले गेले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने प्रौढ स्त्रियांसाठी अक्षरओळखीबरोबर शिवणकामासारखे हस्तव्यवसायही शिकविले. पाठोपाठ १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९११ मध्ये पुणे मराठी ग्रंथालय स्थापन झाले. व्याख्यान, वर्ग आणि हस्तकला या तिन्ही वाटा पुण्यात अशा रीतीने शतकापूर्वीच रुळल्या होत्या. मात्र या सर्व संस्था जुन्या शहराच्या परिघात वाढल्या. खराडी १९९७ मध्ये महापालिकेत आली. पुढील काळात येथे संगणक कंपन्या आल्या, इमारती उभ्या राहिल्या; पण शहराच्या हद्दीबरोबर संस्थांची परंपरा आपोआप सरकत नाही.

व्याख्यान वेगळे, कार्यशाळा वेगळी

ग्रंथालयातील प्रौढांच्या कार्यक्रमांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला व्याख्यानाचा. त्याला सभागृह, ध्वनिक्षेपक आणि चांगला वक्ता एवढे पुरते. श्रोते पन्नास असोत वा पाचशे. दुसरा कार्यशाळेचा. येथे ऐकण्यापेक्षा करण्याला महत्त्व असते. त्यामुळे वीस-पंचवीसपेक्षा अधिक जण घेतल्यास शिकविणाऱ्याचे लक्ष प्रत्येकाकडे पोहोचत नाही. तिसरा हस्तकलेचा. त्यासाठी साहित्य, हत्यारे, हात धुण्याची सोय आणि पसारा मांडता येईल अशी जागा लागते. शिवाय एका बैठकीत कला हाती येत नाही, म्हणून वर्ग चार-सहा आठवडे चालवावा लागतो.

ग्रंथालयाने असे कार्यक्रम घेताना त्याचा धागा पुस्तकांशी जोडणे आवश्यक असते, अन्यथा ग्रंथालय आणि छंदवर्ग यांत फरक राहत नाही. मोडी लिपीचे उदाहरण बोलके आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात मोडीतील कागदपत्रांचे प्रचंड भांडार आहे. अनेक कुटुंबांच्या ट्रंकांतही मोडीतील जुने दस्तऐवज पडून आहेत आणि ते वाचता येणारी माणसे घरात उरलेली नाहीत. मूळ गावठाणातील कुटुंबांना जमिनीचे जुने कागद वाचता येणे ही हौस नव्हे, गरजही ठरू शकते. मोडीचा वर्ग झाला की इतिहासाच्या कपाटातील पुस्तकांना वाचक मिळतो. पुस्तकबांधणीच्या कार्यशाळेचेही तसेच. सभासद शिवण आणि खळ यांचे काम शिकले, की ग्रंथालयातील फाटक्या प्रतींना पुन्हा आयुष्य मिळते.

पैसा येतो कोठून?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्यानुसार राज्याचे ग्रंथालय संचालनालय संस्थांना मान्यता देते आणि ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास आदी निकषांवर त्यांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी करते. वर्गानुसार अनुदान मिळते. राज्यातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये शासनाने काढलेली नसून नागरिकांच्या संस्थांनी काढलेली आहेत, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. लोक पुढे आले तर ग्रंथालय उभे राहते. न आले तर वस्ती कितीही मोठी होवो, ग्रंथालय उभे राहत नाही.

शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने दुसरा मार्ग धरला. तेथे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आकारला जातो. वस्ती वाढली की कर वाढतो आणि त्याबरोबर ग्रंथालयाचा हक्काचा वाटाही. गोळा झालेला उपकर ग्रंथालयांकडे वेळेवर वळता होत नाही, अशा तक्रारी तेथे होत असतात. म्हणजे ती व्यवस्थाही निर्दोष नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र असा उपकरच नाही. परिणामी खराडीत हजारो सदनिका उभ्या राहिल्या, तरी त्यांच्या मालमत्ता करातून ग्रंथालयासाठी वेगळा रुपया निघत नाही. त्यातच २०१२ मधील राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि वर्गवाढ दीर्घकाळ थांबली. याच वर्षांत पुण्याची उपनगरे सर्वाधिक वेगाने वाढत होती.

अनुदानाचा मोठा भाग वेतन आणि ग्रंथखरेदीत जातो. कार्यक्रमांसाठी हाती फारसे काही उरत नाही. म्हणूनच अनेक ग्रंथालयांनी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालविण्याचा मार्ग स्वीकारला. तिची गरज आहे, त्यातून उत्पन्नही मिळते. परंतु अभ्यासिकेत शांतता हवी आणि व्याख्यानाला आवाज; एकाच खोलीत दोन्ही नांदत नाहीत. जागा अपुरी असली की आवाजाची बाजू हरते आणि प्रौढांचे कार्यक्रम बंद पडतात.

यावर काही उपाय उपलब्ध आहेत. कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातील ग्रंथालयांना साहाय्य करते. त्याच्या योजनांत पुस्तकांबरोबर चर्चासत्रे, कार्यशाळा आणि ग्रंथप्रदर्शने यांसाठीही अर्थसाहाय्याची तरतूद आहे.

खराडीत काय करता येईल?

सुरुवात इमारतीपासून करावी लागत नाही. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी होते. गृहसंकुलांची सभागृहे आठवड्याचे पाच दिवस बहुधा रिकामी असतात. तेथे महिन्याला एक व्याख्यान ठेवले आणि त्या विषयावरील वीस-तीस पुस्तके सभागृहाच्या दाराशी मांडून घरी नेण्यास दिली, तरी ग्रंथालयाचा पाया घातला जातो. दारे मात्र शेजारच्या वस्तीलाही उघडी हवीत. केवळ संकुलातील सदनिकाधारकांसाठी असलेला उपक्रम हे मंडळ होईल, सार्वजनिक ग्रंथालय नव्हे.

वेळ आणि विषय येथील माणसे पाहून ठरवावे लागतील. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना संध्याकाळचे व्याख्यान उपयोगाचे नाही; त्यांच्यासाठी शनिवार-रविवारची सकाळ बरी. परप्रांतातून आलेल्यांना बोली मराठीचा वर्ग हवा असेल. ज्येष्ठांना भ्रमणध्वनीवरील बँक व्यवहार आणि त्यातील फसवणूक यांवरची कार्यशाळा कथाकथनापेक्षा अधिक निकडीची वाटेल. येथील इमारती बांधणाऱ्या मजुरांना अक्षरओळख हवी आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ मध्ये केंद्राने सुरू केलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांवरच अवलंबून आहे. ग्रंथालयाच्या सभासदांतून असे स्वयंसेवक मिळाले, तर १८५५ च्या रात्रशाळेचा धागा नगर रस्त्यावर पुन्हा जुळेल.

उपक्रम टिकणे न टिकणे हे उद्घाटनाच्या थाटावर नव्हे, नियमितपणावर ठरते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, वक्ता न आल्यास पर्यायी कार्यक्रम आणि शेवटी प्रश्नांसाठी राखलेली पंधरा मिनिटे एवढे पथ्य पाळले, तर पहिल्या दिवशीचे दहा श्रोते वर्षाअखेरीस पन्नास होऊ शकतात. वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षे टिकली, त्यामागे मोठ्या वक्त्यांइतकाच त्याच ऋतूत पुन्हा पुन्हा मांडल्या गेलेल्या खुर्च्यांचाही वाटा आहे. खराडीत अशा खुर्च्या मांडणारे हात किती लवकर पुढे येतात, यावर येथील वाचनसंस्कृतीचे भवितव्य अवलंबून राहील.