मुलींच्या प्रशिक्षकाची कारकीर्द कशात मोजायची? धाराशिवच्या खो-खोच्या निमित्ताने

मागच्या खेपेला आम्ही 'माहीत असणं' आणि 'जमणं' यांतल्या फरकावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका मुलीनं आम्हाला दारातच गाठलं. ती बी.पी.एड. करते आहे. म्हणाली, "सर, मला मुलींची प्रशिक्षक व्हायचंय. घरचे विचारतात, यात करिअर काय? मी त्यांना काय सांगू?" त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. म्हणून आज तोच विषय.

सुरुवात जरा लांबून करतो, कारण तिथे हा हिशेब अगदी स्वच्छ लिहिलेला सापडतो. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींना गोल्फ शिकवणं ही पूर्णवेळ, पगारी नोकरी आहे. ड्यूक विद्यापीठात डॅन ब्रूक्स १९८४ साली रुजू झाले आणि १९९९ ते २०१९ या काळात त्यांच्या मुलींच्या संघानं सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्यांच्या आधी ॲरिझोना स्टेट विद्यापीठात लिंडा व्होलस्टेड होत्या. त्यांच्या संघानं १९९० ते १९९८ या नऊ वर्षांत सहा अजिंक्यपदं आणली. यामागे १९७२ चा एक कायदा आहे, 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं सार. पण त्या एका कलमामुळे मुलींच्या संघांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, प्रवासखर्च मिळाला, प्रशिक्षक मिळाले. तिथे कारकीर्द म्हटली की किती वर्षं आणि किती अजिंक्यपदं, एवढं सांगितलं की भागतं.

आता आपल्या जिल्ह्यात या. गोल्फच्या अठरा होलांच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते आणि ती हिरवीगार ठेवायला पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तिथे चेंडूसाठी गवत भिजवायचं म्हटलं तर लोक आपल्यालाच भिजवतील! आपल्या मातीला परवडतो तो खो-खो. दोन खांब, थोडी सपाट जमीन, फक्की मारून आखलेल्या रेषा. बूट असले तर उत्तम, नसले तरी खेळ अडत नाही. गरिबाघरच्या मुलीला ज्यात शिरता येतं असा हा खेळ आहे, आणि धाराशिवचं नाव देशभर गेलं ते याच खेळातून. त्यात डॉ. चंद्रजित जाधव या प्रशिक्षकाचं काम मोठं आहे. राज्य खो-खो संघटनेचं सचिवपदही त्यांनी सांभाळलं. पण आम्हाला त्यांच्याविषयी बोलायचंय ते पदांमुळे नाही.

आधी हे पाहू, की खो-खोत प्रशिक्षक शिकवतो तरी काय. नियम तर शाळेतलं पोरही सांगेल. आठ जणी पाटीवर एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघी मैदानात उतरतात. पाठलाग करणारीला मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. ती बसलेल्यांच्या मधून आरपार जाऊ शकते, मागे फिरू शकते. म्हणजे नियमांनी पाठलाग करणारीचे हात बांधलेले आहेत. तिची सुटका एकाच गोष्टीत, बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं आणि पाठलाग तिच्या हवाली करायचा.

आणि खरी गोम इथेच आहे. खो द्यायला कुणीही शिकतं. खो कधी द्यायचा नाही, हे शिकायला वर्षं जातात. पळणारी साखळी करत येते, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी धावत. तिचा खांदा एकीकडे झुकतो आणि पाय दुसरीकडे वळतो. ती हुलकावणी आहे की खरंच वळतेय, हे ओळखायला डोळ्याची पापणी लवायचा अवकाश मिळतो. खांबाजवळ बसणारी कोण असावी, सूर मारून गडी टिपणारी कोण, पहिल्या तुकडीत कुणाला पळायला उतरवायचं आणि दमलेल्या आक्रमणापुढे कुणाला राखून ठेवायचं, हे सगळं प्रशिक्षकाचं गणित.

मागच्या वेळी आम्ही गिल्बर्ट राइल यांचं नाव घेतलं होतं. १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात त्यांनी हाच भेद मांडला. नियम सांगता येणं वेगळं आणि करता येणं वेगळं, आणि करता येणं म्हणजे मनातल्या मनात नियम म्हणत म्हणत हात-पाय हलवणं नव्हे. खो-खोइतकं याचं चांगलं उदाहरण आम्हाला दुसरं सापडलेलं नाही. पाठलाग करणारी मुलगी तिथे विचार करत उभी राहिली तर गडी केव्हाच पलीकडे गेलेला असतो. तिचा विचार तिच्या पायातच व्हावा लागतो. मग प्रशिक्षकानं शिकवायचं कसं? सांगून होत नाही. रोज संध्याकाळी तेच, पुन्हा तेच, पुन्हा तेच. यासाठी पहिली अट कोणती? मुलगी रोज संध्याकाळी मैदानावर आली पाहिजे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. आमच्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षकाची निम्मी कारकीर्द या एका अटीत जाते.

सारिका काळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. धाराशिवची मुलगी. वयाच्या तेराव्या वर्षी मामा तिला मैदानावर घेऊन गेला. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. पुढे तिनं स्वतः वार्ताहरांना सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं तिनं दिवसातून एकदाच जेवून काढली. जरा बरं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. आम्ही हे वाचलं तेव्हा वर्तमानपत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं होतं. शरीराच्या जोरावर खेळायचा खेळ, आणि त्या शरीराला एक वेळचं अन्न.

हीच मुलगी फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला संघाची कर्णधार होती आणि संघानं सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीनं ती खेळ सोडायच्या निर्णयापर्यंत आली. तिनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय, असं आजीनं जाधव सरांना सांगितलं. सरांनी तिची समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. जाधव सरांनी पुढे सांगितलं, की तिथून तिच्या आयुष्याला वळण मिळालं. तिला राज्य सरकारच्या क्रीडा खात्यात वर्ग दोनची क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी मिळाली, नेमणूक तुळजापूरला. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार १९९८ नंतर, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. करोनामुळे त्या वर्षीचा सोहळा २९ ऑगस्टला दूरस्थ पद्धतीनं झाला, ही त्यातली एक चुटपुट.

आता आमच्या कामाचा मुद्दा. आजीनं निरोप कुणाला दिला, याकडे लक्ष द्या. नातलगांना नाही, प्रशिक्षकाला. हा विश्वास एका दिवसात येत नाही. प्रशिक्षकाला त्या घराची चूल ठाऊक असावी लागते आणि त्या घरालाही तो माणूस ठाऊक असावा लागतो. ॲरिस्टॉटलनं म्हटलंय, की वैद्य 'माणूस' बरा करत नाही, तो कॅलियसला बरा करतो, सॉक्रेटिसला बरा करतो. रोगाचं शास्त्र सर्वांना सारखं, पण समोर बसलेला रोगी हा एकच. खो-खोचं तंत्र बारा जणींना सारखं शिकवता येतं. बाराव्या मुलीच्या घरी आज काय घडलंय, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

इथे एक शंका घ्यायलाच हवी, नाहीतर आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं कशाला? प्रशिक्षक मोठा माणूस, बहुधा पुरुष, संघनिवड त्याच्या हातात. मुलगी 'मला खेळायचं नाही' म्हणते आणि तो तिला पुन्हा मैदानावर आणतो. हे दर वेळी चांगलंच, असं कसं म्हणायचं? कांटनं घातलेला दंडक इथे उपयोगी पडतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. संघाला पदक हवं म्हणून मुलीला परत आणलं, तर ती साधन झाली. तिच्या स्वतःच्या आयुष्याची वाट या मैदानातून जाते आहे हे ओळखून आणलं, तर गोष्ट वेगळी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक पुढच्या काही वर्षांत कळतो, मुलीच्या पदरात काय पडलं यावरून. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गरिबाघरच्या मुलीसाठी खेळातून नोकरीकडे जाणारी ही पायवाट आहे. ती पायवाट खरोखर तिथवर पोहोचते का, हे प्रशिक्षकाला माहीत हवं. नसेल माहीत, तर समजूत घालायचा अधिकार त्याला कुणी दिला?

आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो, फारशी अभिमानाची नाही. नोकरीत असताना आम्ही एका महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर होतो. मुलींच्या खो-खो संघाला दोन दिवस बाहेरगावी स्पर्धेला जायचं होतं. प्रवास, मुक्काम, सोबत एक शिक्षिका, असा खर्च समोर आला. समितीत प्रश्न निघाला, "मागच्या वर्षी यांनी काय आणलं?" हा प्रश्न आम्हीच विचारला होता. काही आणलं नव्हतं. संघ गेला नाही. पुढच्या जूनमध्ये त्या संघातल्या चौघी कॉलेजात नव्हत्या. दोघींची लग्नं झाली होती. स्पर्धेला गेल्या असत्या तर लग्नं थांबली असती असं आम्ही म्हणत नाही. पण क्रीडाशिक्षक आमच्यापुढे हात जोडून उभे होते आणि आम्ही पदकांचा हिशेब मागत होतो, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. ड्यूकला जो हिशेब चालतो तो तिथे चालतो, कारण मुलगी चार वर्षं कॉलेजात राहणार हे तिथे बरंचसं गृहीत धरता येतं. आपल्याकडे तेच गृहीत धरता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आता खेळ मॅटवर आला, दूरदर्शनवर आला, पैसाही थोडाफार येऊ लागला. चांगलंच आहे.

पण पैसा आला की काय होतं, त्याचाही दाखला अमेरिकेत आहे आणि तो त्या बी.पी.एड.च्या मुलीनं लक्षात ठेवावा. १९७२ मध्ये तिथल्या कॉलेजांत मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बायका होत्या. काम होतं, मोबदला जवळजवळ नव्हता. कायदा आला, पगार आले, पदांना वजन आलं, आणि प्रशिक्षकांतलं बायकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरलं. मुली खेळायला लागल्या आणि शिकवायला पुरुष आले! डॅन ब्रूक्स यांचं काम मोठं आहे, यात वाद नाही. पण व्होलस्टेडबाईंच्या जागेसाठी पुढे कितीजणींना रांगेत उभं राहता आलं, हा प्रश्न त्या सात अजिंक्यपदांच्या शेजारी ठेवून पाहावा.

तेव्हा बाळ, घरच्यांना सांग की पगारी जागा थोड्या आहेत, हे खरं आहे. बी.पी.एड. झाल्यावर एम.पी.एड. कर, पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम जमला तर तोही कर. आणि तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून सारिका काळे यांची नेमणूक झाली होती, हेही सांग. मुलींच्या संघाच्या प्रवासखर्चाचा कागद टेबलावर येतो तेव्हा टेबलापलीकडे कोण बसलंय, यानं बराच फरक पडतो. आम्ही बसलो होतो तेव्हा काय झालं, ते सांगितलंच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.