शिरोडकर पुढे कुठे गेली?

प्रेम जमतं कसं हे दाखवायला आपल्या चित्रपटवाल्यांना तीन तास पुरत नाहीत. पाऊस आहे, बाग आहे, बसचा थांबा आहे, वहीत लपवलेली चिठ्ठी आहे. पण तेच प्रेम तुटतं कसं, हे दाखवायची वेळ आली की पडद्यावर एकदम वडीलधाऱ्यांची गर्दी होते. शाळा-कॉलेजच्या वयातल्या प्रेमावरचे जेवढे चित्रपट मला आठवतात, त्यांतल्या बहुतेकांत ताटातुटीच्या प्रसंगी त्या दोघांपेक्षा बाप मंडळीच जास्त बोलतात. ज्यांचं तुटतंय ती पोरं भिंतीला टेकून उभी!

‘बॉबी’ आला १९७३ साली. मी तेव्हा शाळेत होतो. तो मी पाहिला मात्र दोन वर्षांनी, जत्रेतल्या तंबूत. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष आणि मधे एक दोरी. त्या दोरीच्या साक्षीनं आमच्या पिढीनं प्रेमाचे पहिले धडे घेतले. त्यातली गाणी सगळ्यांना आठवतात, पण माझ्या मनात राहिला तो प्राण आणि प्रेमनाथ यांचा प्रसंग. आपल्या मुलाचा नाद मुलीनं सोडावा म्हणून श्रीमंत बाप कोळ्याच्या पुढ्यात पैसे ठेवतो. पुढे मी एकतीस वर्षं बँकेत काढली, नोटा भरपूर पाहिल्या, पण पैशाचा इतका घाणेरडा व्यवहार काउंटरवर कधी पाहिल्याचं आठवत नाही. गंमत बघा, चित्रपट राज आणि बॉबीचा, पण प्रेम मोडण्याचा खरा प्रसंग दोन बापांचा.

१९८१ च्या ‘एक दुजे के लिए’मध्ये तर चक्क मुदतीची अट आहे. वर्षभर भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही. वर्षानंतरही प्रेम टिकलं तर लग्न. कर्जदाराला हप्त्यांची सवलत द्यावी तसा प्रकार! गोव्याच्या किनाऱ्यावरची ती गोष्ट, तमिळ मुलगा आणि उत्तरेकडची मुलगी. मुलीची आई त्याचा फोटो जाळते आणि ती पोरगी त्याची राख चहात कालवून पिते. त्या वर्षी मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मेसमध्ये आमच्यातल्या एकानं आठवडाभर चहा घेतला नव्हता, इतका तो प्रसंग त्याला लागला. आज मला त्यात भडकपणा दिसतो. पण एक गोष्ट खरी, निदान त्या क्षणापुरती ती मुलगी काहीतरी करते. रडत खिडकीशी उभी राहत नाही.

‘मैंने प्यार किया’ (१९८९) मधल्या प्रेमला अट घातली जाते ती रकमेची. स्वतःच्या कष्टानं महिनाभरात दोन हजार रुपये मिळवून दाखव, तर मुलगी देतो. मी तेव्हा नारायणगाव भागातल्या एका शाखेत होतो. द्राक्षं आणि टोमॅटोचा हंगाम असला की दोन हजार ही रक्कम आमच्या खिडकीतून दिवसात पन्नास वेळा आत-बाहेर व्हायची. चित्रपट पाहून आलेला आमचा कॅशियर दुसऱ्या दिवशी दोन हजारांची गड्डी हातात धरून म्हणाला, “साहेब, एक पोरगी.” सगळी शाखा हसली. पैसे काढायला आलेली एक बाई तेवढी हसली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘से एनिथिंग’ नावाचा चित्रपट आला होता. मुलाला माहिती आणि चित्रपट यांचं वेड, त्याच्या कॅसेटवर मी तो बऱ्याच उशिरा पाहिला. त्यात मुलगी मोटारीत बसून मुलाला सांगते की आपण थांबू या, आणि आठवण म्हणून त्याच्या हातात एक पेन ठेवते. आरडाओरडा नाही, पाऊस नाही. मला वाटलं, चला, इथे तरी दोघंच बोलताहेत! पण ते पेन द्यायची कल्पनाही तिच्या बापाचीच असते. साता समुद्रापलीकडेही तेच.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण झाली खोडदची एक रात्र. खोडद ही माझी सासुरवाडी. जुन्नर तालुक्यातलं हे गाव आता जगाच्या नकाशावर आहे ते तिथल्या रेडिओ दुर्बिणीमुळे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकात इथे त्या तबकड्या उभ्या राहिल्या. एकेकीचा व्यास ४५ मीटर, एकूण तीस. त्यांतल्या चौदा खोडदच्या परिसरात आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. आभाळातून येणारे अगदी क्षीण संदेश त्या टिपतात, म्हणून त्यांच्याजवळ मोबाईल बंद ठेवायला सांगतात. आमच्या सासूबाईंना याचं फार कौतुक. “कोट कोट वर्सांपूर्वीचं ऐकू येतं म्हणं यांना,” असं त्या आल्यागेल्याला सांगतात. वय शहाऐंशी, शिक्षण चौथी, कान मात्र त्या तबकड्यांच्या तोडीचे.

तर त्या रात्री दूरदर्शन संचावर ‘शाळा’ लागला होता. मिलिंद बोकील यांची २००४ साली आलेली कादंबरी आणि तिच्यावरून सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. जोशी आणि शिरोडकर. त्या वयात मुलंमुली एकमेकांना आडनावानं ओळखतात, ही बोकिलांनी टिपलेली फार मोलाची गोष्ट. त्यांच्या प्रेमात घडतं ते इतकंच, नजरेला नजर, दोन-चार वाक्यं, एखादी चोरटी भेट. मग बोभाटा होतो. आणि शेवटी जोश्याला कळतं, शिरोडकर गाव सोडून गेली. निरोप नाही, पत्ता नाही. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात हे जाणं फार ओळखीचं आहे. ट्रकवर पलंग आणि पिंप चढवताना कोपऱ्यात गप्प उभं राहिलेलं पोर काय मागे ठेवून चाललंय, हे कोण विचारतो?

मला विचाराल तर मराठी चित्रपटातला ताटातुटीचा सर्वांत खरा प्रसंग हाच. कारण त्या वयातली बहुतेक प्रेमं अशीच संपतात. कुणी मोडत नाही. एक दिवस बाक रिकामा दिसतो.

चित्रपट संपला. मेव्हण्याची नात, ती स्वतः नववीतली, डोळे पुसत होती. मीही चष्मा काढला होता. सासूबाई मात्र पडद्याकडे बघत तशाच बसून होत्या.

“जावईबापू, त्या पोरीचं मंग काय झालं?”

“ते दाखवलं नाही मामी.”

“मंग पिच्चर संपला कसा?”

नात म्हणाली, “अगं आजी, दुसऱ्या गावाला गेली ती. तिथं दहावी केली असेल.”

“आन् नाय बसिवली दहावीला तर?”

नातीकडे उत्तर नव्हतं, आणि मी कादंबऱ्या लिहितो म्हणून माझ्याकडे होतं असंही नाही.

शिरोडकर शहरगावातली, नोकरदार घरातली. तिनं दहावी केली असणार असं मलाही वाटतं. पण सासूबाईंच्या प्रश्नाचा मला परिचय आहे, तो बँकेतून. आमच्या शाखेत मुलांची खाती असायची. अठरा वर्षांखालच्या खातेदाराला बँकेच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणतात. आई दूध घालून, अंडी विकून मुलीच्या नावानं पाच-दहा रुपये टाकायची. आणि उन्हाळ्यात, लग्नसराईच्या सुमारास, त्यांतली काही खाती बंद व्हायची. खातं बंद करताना कारण लिहायची सक्ती नव्हती. पण बायका आपणहून सांगायच्या आणि अर्ज लिहून देणारा ते लिहायचा, ‘मुलीचे लग्न असल्याने’. वर ‘अज्ञान’ आणि खाली ‘लग्न’, एकाच कागदावर. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं अठरा झालेलं होतं, म्हणजे हे दोन शब्द एकत्र यायलाच नको होते. शिरोडकरच्या काळी तर कायद्याचीही अडचण नव्हती. तेव्हा मुलीसाठी ही मर्यादा पंधरा होती.

त्या अर्जांमागे प्रत्येक वेळी प्रेमप्रकरण होतं असं मुळीच नाही. पण क्वचित एखादी आई आवाज खाली आणून म्हणायची, “साळंतनं काढली तिला. लोकं बोलाया लागली.” मुलाचं नाव त्या बोलण्यात नसायचं. मुलगा बहुधा दुसऱ्या दिवशी शाळेत गेलेला असायचा, जोश्यासारखाच, रिकाम्या बाकाकडे बघत. त्याच्या दुःखावर आपण कादंबऱ्या लिहिल्या. त्या लिहायलाच हव्या होत्या. पण कॅमेरा सामानाच्या ट्रकमागे गेला नाही, हेही खरं.

रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’नं २०१४ साली गल्लाभरू धमाल केली. दगडू आणि प्राजक्ता, वस्ती आणि सोसायटी, मधे उभा संस्कारांचा कडक बाप. इथेही मुलगी दूर जाते आणि मोठं होण्याची शपथ घेतो तो मुलगा. ती पुढे कुठे आहे, हे शोधायला वर्षभरानं दुसरा चित्रपट काढावा लागला. मला हे चित्रपट आवडले नाहीत असं नाही, वैभव मांगले यांचा बाप तर मी विसरणार नाही. पण सासूबाईंचा प्रश्न एकदा कानात गेला की प्रत्येक चित्रपटात तो ऐकू येतो.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला तो २०१४ च्या १४ फेब्रुवारीला, प्रेमदिनाचा मुहूर्त साधून! त्यातला जब्या शालूवर जीव टाकतो, तिला वश करायला काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. आणि शेवटी सगळ्या शाळेसमोर त्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरायला उतरावं लागतं. हसणाऱ्यांत शालूही असते. याला प्रेमभंग तरी कसं म्हणावं? शालूला त्या प्रेमाचा पत्ताच नाही. जातीनं ते जमायच्या आधीच मोडून ठेवलेलं आहे. जब्यानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो, तेव्हा थिएटरात माझ्या शेजारचे गृहस्थ खरोखर मागे सरकले होते.

दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकानं ‘सैराट’ केला, आणि माझ्या मते सासूबाईंच्या प्रश्नाची पहिली दखल तिथे घेतली गेली. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. वाड्यात वाढलेली, बुलेट चालवणारी मुलगी झोपडीत राहते, कारखान्यात कामाला जाते. मग संशय, भांडण आणि एक दिवस ती निघून जाते. इथे बाप नाही, काका नाही, अट नाही की नोटांची गड्डी नाही. भांडण दोघांचंच. जायचं ठरवते आर्ची, आणि वाटेतून परत फिरायचंही आर्चीच ठरवते. चित्रपटाच्या शेवटाची इतकी चर्चा झाली की हा प्रसंग मागे पडला. परत येताना तिच्या मनात काय काय झालं असेल, हे कुणी लिहील तर मी पहिला वाचक असेन. तो भाग मला लिहिता येईल की नाही, याची खात्री नाही.

खोडदच्या घरात ‘सैराट’ चार-पाचदा तरी लागून गेला असेल. दर वेळी शेवटची दहा मिनिटं आली की माझा मेव्हणा वाहिनी बदलतो, बातम्या लावतो. नातीला शेवट ठाऊक आहे, तिनं तो मोबाईलवर केव्हाच पाहिलाय; ती काही बोलत नाही. सासूबाईंच्या माहितीप्रमाणे आर्चीचं लग्न झालं, मूल झालं, आणि ती हैदराबादला सुखात आहे. मागच्या दिवाळीत त्यांनी मला विचारलं, तिचा मुलगा आता कितवीत असेल?