आकाशातील डोळा कोणाच्या मालकीचा?

एखादी कापडाची गिरणी परकीयाने विकत घेतली तर देशाचे काय जाते, असे व्यापारी विचारतो, आणि त्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नसतो. माग जागच्या जागी राहतात, कामगार तेच राहतात, नफ्याचा धनी तेवढा बदलतो. परंतु कारखान्यात तयार होणारी वस्तू म्हणजे देशाचा स्वतःची सरहद्द पाहण्याचा डोळा असेल तर? कॅनडापुढे हा प्रश्न २००८ साली आला. त्या देशाने दिलेले उत्तर आणि त्या उत्तराची पुढे झालेली गत, या दोन्ही गोष्टी आम्हांस विचार करण्याजोग्या वाटतात.

मॅक्डोनल्ड डेटविलर ऊर्फ एमडीए ही कंपनी १९६९ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोघांनी मिळून काढली. अमेरिकेच्या स्पेस शटलवरचा सुप्रसिद्ध यांत्रिक हात, ज्याचा अंतराळातील पहिला प्रयोग १९८१ साली झाला, तो मूळचा स्पार एरोस्पेस या दुसऱ्या कॅनडियन कंपनीचा. १९९९ साली स्पारचा तो विभागही एमडीएकडे आला. या हाताचे कॅनडात एवढे कौतुक की, त्याच्या धाकट्या भावाचे चित्र तेथे पाच डॉलरच्या नोटेवर छापले गेले आहे. तथापि खरा वाद हाताचा नव्हता, डोळ्याचा होता.

तो डोळा म्हणजे रडारसॅट-२ हा उपग्रह. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढग आडवे येतात, रात्र आडवी येते. रडारचा उपग्रह स्वतःच सूक्ष्मतरंग खाली सोडतो आणि परत येणाऱ्या तरंगांवरून चित्र उमटवतो. त्यामुळे त्याला ध्रुवप्रदेशातील महिनोन्‌महिन्यांच्या अंधारातही दिसते. जुना बर्फ कोणता, नवा कोणता, हे त्यातून ताडता येते, आणि बर्फातून जाणारे लोखंडी जहाज तर ठळक ठिपक्यासारखे चमकते. या उपग्रहासाठी कॅनडाच्या सरकारने सुमारे ४४ कोटी ५० लक्ष डॉलर दिले होते. त्याच्या मोबदल्यात सरकारला प्रतिमा मिळावयाच्या होत्या. उपग्रहाची मालकी मात्र एमडीएची! पैसा जनतेचा आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, असा हा प्रकार.

डिसेंबर २००७ मध्ये उपग्रह आकाशात गेला. त्याला महिनाही झाला नव्हता, तोच जानेवारी २००८ मध्ये एमडीएने आपला अवकाशविभाग अलायंट टेकसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीला १३२ कोटी ५० लक्ष डॉलरांना विकण्याचे जाहीर केले. घेणारी कंपनी दारूगोळा व रॉकेटे तयार करणारी होती.

विकणाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकेचे सरकार, आणि त्याची संरक्षणाची कामे परकीय कंपनीला सहसा मिळत नाहीत. तेव्हा अमेरिकन मालक आला तर कामे वाढतील, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते.

पण कॅनडाच्या उत्तरेस बेटांमधून जाणारा जो जलमार्ग आहे, तो आपल्या अंतर्गत पाण्यातील आहे असे कॅनडा म्हणतो. तो आंतरराष्ट्रीय मार्ग आहे असे अमेरिका म्हणते. १९८५ साली ‘पोलर सी’ हे अमेरिकेचे बर्फफोडे जहाज कॅनडाची परवानगी न मागता त्या मार्गाने गेले होते. आता त्याच मार्गावर पहारा ठेवणारा उपग्रह अमेरिकन कंपनीच्या हाती जाणार होता. शेताच्या बांधाचा तंटा चालू असताना राखणदाराचा पगार प्रतिपक्षाने द्यावा, तसेच हे झाले. कंपनीतील काही अभियंते, कामगार संघटना आणि संसदेतील सभासद यांनी विरोध केला तो यासाठी.

सरकारच्या हाती कायदा होता तो १९८५ चा. परकीय खरेदीने देशाचा ‘निव्वळ लाभ’ होतो की नाही, हे मंत्र्याने पाहावे, असे तो सांगतो. पाहावयाच्या बाबी रोजगार, उत्पादकता, स्पर्धा अशा आहेत. राष्ट्रीय सुरक्षिततेचा वेगळा उल्लेख त्यात तेव्हा नव्हता. उद्योगमंत्री जिम प्रेंटिस यांनी एप्रिलमध्ये आपले समाधान झाले नसल्याचे कळविले, खरेदीदाराला आणखी मुदत दिली आणि मे महिन्यात नकार कायम केला. सांस्कृतिक व्यवसाय वगळता त्या कायद्याखाली दिलेला हा पहिलाच नकार. पुढच्याच वर्षी सुरक्षिततेचे कलम कायद्यात आले.

येथे गोष्ट संपली असती तर ती फारच सोपी झाली असती. २०१२ साली एमडीएनेच कॅलिफोर्नियातील स्पेस सिस्टिम्स लोरल ही कंपनी घेतली. २०१७ साली डिजिटलग्लोब ही दुसरी अमेरिकन कंपनी घेऊन तिने मॅक्सार असे नाव धारण केले, आणि अखेर कायदेशीर बिऱ्हाडही अमेरिकेत हलविले. परका गिऱ्हाईक घरात येऊ नये म्हणून पुढच्या दाराशी पहारा बसविला होता. घरधनी मागील दाराने स्वतःच उठून गेला! कर्जाच्या ओझ्यामुळे मॅक्सारने एमडीए विकावयास काढली, तेव्हा २०२० साली कॅनडियन गुंतवणूकदारांनी सुमारे १०० कोटी डॉलरांना ती परत आणली. हे सुदैव, सरकारी देखरेखीचे फळ नव्हे, असे आमचे मत आहे.

सरकारने जी खरी खबरदारी घेतली ती निराळीच. जून २०१९ मध्ये त्याने तीन नवे रडार उपग्रह पाठविले. बांधले एमडीएनेच, परंतु मालकी सरकारने आपल्याकडे ठेवली.

आपल्या देशानेही २०२४ साली या क्षेत्राची दारे उघडली. उपग्रह बांधणे व चालविणे यांत ७४ टक्क्यांपर्यंत, प्रक्षेपकांत ४९ टक्क्यांपर्यंत आणि सुट्या भागांच्या निर्मितीत १०० टक्के परकीय भांडवल सरकारच्या पूर्वसंमतीवाचून येऊ शकते. टक्के भांडवलाचे मोजले जातात. संकटाच्या रात्री प्रतिमा प्रथम कोणाच्या टेबलावर जाईल, हे मात्र परवान्याच्या आणि कराराच्या कलमांत लिहावे लागते, आणि ते कंपनी विकावयास निघण्यापूर्वी लिहावे लागते.