कुत्र्याला घेऊन चालायला निघताना

डॉक्टरांनी 'रोज चालायला जा' असे सांगितले की पहिले आठ दिवस मंडळी मोठ्या उत्साहाने पहाटे उठतात. नवव्या दिवशी पाऊस येतो, दहाव्या दिवशी पाहुणे येतात आणि नवे कोरे बूट दाराआड जाऊन बसतात. घरी कुत्रा असेल तर मात्र अशी सुटका नसते. त्याला पाहुण्यांशी काही कर्तव्य नसते. वेळ झाली की तो आधी दाव्याकडे पाहतो आणि मग तुमच्याकडे. देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एवढे काम घरचा मोत्या फी न घेता करून घेतो.

प्रश्न असतो तो कुठे चालायचे याचा. बेटेगाव-बोईसरकडे रस्त्यावर मालमोटारींची ये-जा मोठी. तिथे कुत्र्यालाही धड श्वास घेता येत नाही आणि मालकालाही. म्हणून हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी असावा किल्ल्याच्या पायथ्याकडे वळतात, पालघरचे लोक वाघोबा खिंडीकडे किंवा देवकोपच्या तलावाकडे जातात, आणि काही जण टेकड्या फोडून झाल्यावर टाकून दिलेल्या दगडखाणींकडे, म्हणजे आपल्या भाषेत खदानींकडे, मोर्चा वळवतात. या वाटा माणसाला चांगल्या आहेत. कुत्र्यालाही त्या तशाच चांगल्या असतील असे धरून चालू नये. कुत्र्याचे काही बिनसले तर दाव्याच्या दुसऱ्या टोकाला आपणच असतो.

आधी उन्हाचा विचार करू. माणसाला अंगभर घाम येतो; कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या तळव्यात असतात. अंग थंड ठेवायला त्याच्याजवळ धापा टाकण्याखेरीज मोठे साधन नाही, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तेही अपुरे पडते. त्यातून आपल्याकडचा काळा कातळ सकाळी नऊनंतर तव्यासारखा तापू लागतो. तळहाताची मागची बाजू कातळावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना चढणीवर नेऊच नये. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटू लागली तर ऊन लागले असे समजून त्याला सावलीत घ्यावे, साधे पाणी अंगावर ओतत राहावे, वारा घालावा आणि तडक पशुवैद्याकडे न्यावे. असावा किल्ल्यावर पाण्याची टाकी आहेत खरी, पण त्यांच्या भरवशावर निघू नये. पाणी घरूनच न्यावे.

मग पहाटे अंधारातच निघावे का? नाही. पालघर-मनोर रस्त्यावरच्या खिंडीला वाघोबाचे नाव उगीच पडलेले नाही. या डोंगरांत बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात पाळीव कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा निघाला. तेव्हा चांगले उजाडल्यावर निघावे, ऊन तापायच्या आत परतावे, आणि रानात दावे मुळीच सोडू नये. काळदुर्गाच्या माथ्यावरचा कातळ माणसाला सोपा वाटला तरी अंगाने भारी कुत्र्याला तो उतरताना जड जातो. त्याला घेऊन खालच्या झाडीतूनच मागे फिरलेले बरे. तुंगारेश्वरसारख्या अभयारण्यात किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र कुत्रा नेण्याचा विचारच करू नये. तिथे पाळीव कुत्र्यांना मज्जाव असतो आणि तो योग्यच आहे.

आता खदानींविषयी, कारण खरा धोका तिथे आहे. चालू खदानीकडे तर फिरकायचेच नाही. सुरुंग, डंपर आणि क्रशरची धूळ यांत आरोग्य कमावता येत नाही. बंद पडलेल्या खदानीचे रूप मात्र फसवे असते. पावसाळ्यानंतर तिच्यात निळेशार पाणी साठते, काठावर गवत येते, बगळे बसतात. पण गावतळ्याला उतार असतो, खदानीला कडा असतो. सुरुंगाने उभा कापलेला दगड, त्यावर बुळबुळीत शेवाळ, आणि पहिल्याच पावलाला पुरुषभर किंवा त्याहून जास्त खोली. कुत्रा चांगला पोहतो, हे खरे. पण वर चढायला त्याला पायाखाली आधार लागतो, आणि तो नसला की तो कड्याला नखे ओरबाडत गोल गोल फिरतो आणि दमतो. ते केविलवाणे ओरडणे ऐकवत नाही आणि मालक कपड्यांसकट उडी टाकतो. मग वर यायला वाट मालकालाही नसते. खदानीच्या पाण्यात पोरे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. त्यात पट्टीचे पोहणारेही असतात. म्हणून खदान लांबून पाहावी, काठापासून पाच-दहा हात दूर चालावे आणि दावे आखूड धरावे. दुर्दैवाने कुत्रा पडलाच तर उडी न टाकता काठाकाठाने चालत त्याला हाका माराव्यात आणि जिथे ढासळलेल्या दगडांचा उतार असेल तिकडे वळवावे. पिशवीत दहा-पंधरा हात दोरी असलेली बरी. गळ्यात नुसता पट्टा बांधण्यापेक्षा छातीवरून जाणारा पट्टा घालावा, म्हणजे गळफास न बसता त्याला ओढून घेता येते.

हे पाणी पिऊही देऊ नये. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळसर तवंग धरतो, त्यात कधी कधी विषारी जिवाणू वाढलेले असतात आणि असे पाणी प्यायलेले कुत्रे काही तासांतही दगावू शकते. औद्योगिक वसाहतीकडच्या नाल्यांबद्दल तर सांगायलाच नको. तारापूरच्या सांडपाण्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले होते. तलावावर उलटी काळजी घ्यावी. तिथले पाणी कोणाच्या ना कोणाच्या वापराचे असते, तेव्हा कुत्र्याला त्यात आंघोळ घालू नये आणि त्याची घाण कागदाने उचलून पुरावी. अनवाणी पोरांना अंकुशकृमी अशा घाणीतूनही होऊ शकतात. कुत्र्याला जंताचे औषध नियमाने द्यावे.

पावसाळ्यात चिखलाचे डबके तुडवून आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर 'साधा ताप' म्हणून अंगावर काढू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि कुत्र्यांच्याही लघवीतून पाण्यात उतरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हा आजार पाहिला आहे. कुत्र्यासाठी याची लस मिळते.

खदानीतल्या दगडांच्या ढिगाऱ्यात कुत्रे हमखास नाक खुपसते. तिथे विंचू असतो. कोकणातला लाल विंचू एके काळी जीव घेई, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि तो अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, तेव्हापासून चित्र पालटले. दंश झाल्यावर घाम फुटला, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठावा. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला भाग न हलवता रुग्णालयात जावे.

वाटेत पाडे लागतात आणि प्रत्येक पाड्याचे आपले कुत्रे असतात. परका कुत्रा दिसला की ते धावून येतात. भांडण लागले तर मध्ये हात घालू नये. बहुतेक वेळा चावा मालकालाच बसतो. पाणी फेकावे, काठी आपटावी. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करून तिसऱ्या, सातव्या वगैरे ठरलेल्या दिवशी पुरी करावी. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून काहींच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडातच टोचतात आणि सरकारी दवाखान्यांत लस मोफत असते. ओरखडा 'एवढासा' असला तरी जावे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर सहसा कोणी वाचत नाही. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुढच्या मात्रा द्याव्यात आणि तारखा कार्डावर लिहून ठेवाव्यात.

घरी परतल्यावर चहाआधी पाच मिनिटे त्याच्यासाठी काढावीत. कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. सापडला तर रॉकेल किंवा विस्तव न लावता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. नखांनी चिरडू नये. मग हात साबणाने धुवावेत, आणि आपल्या पोटऱ्याही एकदा न्याहाळाव्यात.