अक्षर देखणं, तसं वाचताही यावं!

मैत्रिणींनो, देवनागरीचा डौल नक्षीत नाही, जाड-बारीक रेषांच्या प्रमाणात आहे. तो आला बोरूच्या तिरक्या टोकातून. जावजी दादाजी चौधरींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी आरूंनी कोरलेल्या तिथल्या टाइपात हाच डौल उतरला आणि तिथली पुस्तकं नावाजली गेली.

पण लहान आकारात बारीक रेषा पुसट होतात. गोराईतल्या आमच्या बचत गटाच्या सुक्या बोंबलांच्या लेबलाचं प्रूफ आलं, तर अनुस्वारच दिसेनात! नुकत्याच वाचायला शिकलेल्या मावशींना तारीख लागेना. मग नाव डौलदार टाइपात ठेवलं. वजन, किंमत, तारीख एकसारख्या जाडीच्या ठसठशीत अक्षरांत. आता मावशी गिऱ्हाइकाला स्वतः वाचून दाखवतात.

लग्नपत्रिका छापायचीय? प्रूफ आधी आजींना वाचायला द्या!