प्रबंधाची सीमा, शहराची सीमा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे. मार्गदर्शकाचे व किमान दोन बाह्य परीक्षकांचे अभिप्राय अनुकूल आले आणि मौखिक परीक्षा पार पडली, की प्रबंध पूर्ण झाला असे समजले जाते. नागर समाजशास्त्रात, म्हणजे शहरातील वस्ती, रोजगार, सत्ता आणि माणसांचे परस्परसंबंध अभ्यासणाऱ्या शाखेत, मात्र ही पूर्तता काहीशी अवघड ठरते, कारण ज्या शहराचा अभ्यास करायचा, ते कुठे संपते हेच आधी ठरवावे लागते.

लुई वर्थ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1938 मध्ये लोकसंख्येचा आकार, दाटी आणि विविधता ही शहराची लक्षणे सांगितली. भारतीय जनगणनेत, नगरपालिका नसलेल्या गावाला शहर ठरवण्यासाठी किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 जणांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, असे निकष आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या परिसरातील जांभूळ या गावी आले, की हे निकष अपुरे वाटू लागतात. बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे उल्हासेत येते आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या जांभूळ येथील केंद्रात शुद्ध होऊन कारखान्यांना व आसपासच्या शहरांना जाते. म्हणूनच तेथे दुरुस्तीसाठी ‘शटडाउन’ जाहीर झाला, की दूरच्या कळवा-मुंब्रा-दिव्यात घरोघरी आदल्या रात्री पिंपे भरून ठेवली जातात. अशा वेळी अभ्यासाचे क्षेत्र कोणते धरावे? फक्त गाव, जलवाहिनीच्या दोन्ही टोकांची घरे, की धरणाची उंची वाढवताना विस्थापित झालेली गावेही? यांपैकी एक सीमा निवडून ती का निवडली हे लिहून ठेवणे, हेच या विषयातील प्रबंधाचे निम्मे काम होय.

उरलेले निम्मे काम काळाशी निगडित आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये 97,948 होती, ती 2011 मध्ये 1,74,226 झाली. त्यानंतरची, 2021 ची जनगणना वेळेवर न झाल्याने संशोधकाला घरोघर फिरून स्वतःची नोंद करावी लागते, आणि प्रबंध बांधणीला जाईपर्यंत एखाद्या सर्वेक्षणातील बैठ्या घराच्या जागी सात मजली इमारत उभी राहिलेली असते. ही नोंद जुनी झाली म्हणून निरुपयोगी ठरत नाही, हे मुंबई विद्यापीठाच्या परंपरेतच दिसते. पॅट्रिक गेडिस यांनी 1919 मध्ये सुरू केलेल्या समाजशास्त्र विभागाची धुरा 1924 मध्ये गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. पुण्याजवळील लोणीकंद या गावाचे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने केलेले वर्णन उपलब्ध असल्यानेच घुर्ये यांना त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून 1960 च्या ग्रंथात दोन काळांची तुलना मांडता आली.

त्यामुळे प्रबंधाची पूर्तता म्हणजे विषयावरचा शेवटचा शब्द, असे मानण्याचे कारण नाही. कोणत्या सीमेत, कोणत्या वर्षी आणि कोणाला विचारून माहिती मिळवली, हे स्पष्टपणे नोंदवणारा प्रबंधच पुढील अभ्यासकाला त्याच्याशी ताळा जुळवण्याची किंवा त्याचे निष्कर्ष खोडून काढण्याची मुभा देतो, आणि अशी मुभा देण्याइतका तो नेमका झाला, की तो पूर्ण झाला असे म्हणता येते.